‘पैसे नाहीत’ हे उर्दूत कसं म्हणायचं

माझ्या माहेरी ‘नाही’ हा शब्द जपून वापरावा लागे. पाऊस नाही, मांजर घरात नाही, हे चालायचं. पण तेल नाही, तांदूळ नाहीत, पैसे नाहीत, असं काही तोंडातून निघालं की आईचा हात आधी तिच्या तोंडावर जायचा आणि मग आमच्या पाठीत बसायचा. वास्तू तथास्तु म्हणते आणि लक्ष्मी निघून जाते, एवढंच तिचं कारण. मीठ संपलं तर मिठाची बरणी उचलून उंबऱ्याजवळ आणून ठेवायची. वडील दुकानातून आले की बरणी पाहायचे आणि चपला न काढता तसेच बाजारात जायचे. कुणी काही बोलायचं नाही. दिवेलागणीला तर पैशाचा विषयच काढायचा नाही, आणि कुणी काढलाच तर ‘आहेत’ म्हणून मोकळं व्हायचं. नगरच्या त्या घरात ‘आहेत, आहेत’ म्हणत मी मोठी झाले आणि लग्न होऊन निजामाच्या राज्यात, औरंगाबादेला आले.

इथं रुपयासुद्धा दुसरा होता. माहेरचा कलदार, इथला हाली. महिने फसली सालाचे, पाट्या उर्दू, आणि टांगेवाल्यापासून कचेरीतल्या साहेबापर्यंत सगळे जी भाषा बोलायचे तिच्यातलं मला ‘अच्छा’ सोडून काही येत नव्हतं. हे पैमाइश खात्यात होते, म्हणजे साखळ्या आणि माणसं घेऊन गावोगावची शेतं मोजत हिंडायचे. सोयगावच्या बाजूला दौरा लागला की घरात मी आणि रांगायला लागलेली मुलगी. दौरा लांबला की पगारही लांबायचा. यांना त्याचं काही वाटायचं नाही. येईल की, म्हणायचे. मला मात्र डब्याचं झाकण उघडतानासुद्धा धडधडायचं.

शेजारी भिंतीला भिंत लावून एका हिमरू विणणाऱ्याचं घर होतं. दिवसभर मागाची खटखट चालायची. त्याची बायको वयानं माझ्या आईच्या जवळपासची. मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, ती मला दुल्हन म्हणायची. तिचं माहेर खुलताबादचं, आणि मराठी माझ्यापेक्षा खणखणीत. पहिल्याच महिन्यात भाजीवाल्यानं मला फसवलेलं तिनं दारातून पाहिलं आणि माझी शिकवणी सुरू केली. ती मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसायची, मी मुलीला मांडीवर घेऊन समोर.

“दुल्हन, बाजारात दोन गोष्टी बोलाया आल्या की लई झालं,” ती म्हणाली. “एक, मेरे पास पैसे हैं. दोन, मेरे पास पैसे नहीं हैं. आन् पहिली कवाच बोलायची नाय.”

घरात आपसात ‘मेरे कने’ म्हटलं तरी चालतं, पण कचेरीत, दवाखान्यात ‘मेरे पास’ म्हणायचं, हेही तिनं सांगितलं. मग तिनं मूठभर चिंचोके आणले. माझ्या तळहातावर चिंचोके ठेवायची आणि विचारायची, पैसे हैं? मी म्हणायची, हैं. कितने हैं? बहुत हैं. मग सगळे चिंचोके काढून घ्यायची, रिकाम्या हाताकडे बोट करायची आणि विचारायची, पैसे हैं?

मी म्हणायची, थोडे हैं.

“रिकामा हात थोडा असतो व्हय?” खाला कपाळावर हात मारायची. तिला वाटलं, मला शब्द लक्षात राहत नाही. शब्द केव्हाच पाठ झाला होता. तो ओठांपर्यंत यायचा आणि तिथं आईचा हात असायचा. शेवटी मी तिला माहेरची रीत सांगितली. खाला हसली नाही. तिनं जरा विचार केला आणि विचारलं, “पर तुमच्या लक्ष्मीला उर्दू येती का?”

हे मला सुचलंच नव्हतं. त्या रात्री मी त्यावर खूप विचार केला. आमची लक्ष्मी नगरची, तिला कुठून येणार उर्दू? पण मग वाटलं, मी इथं आले तशी तीही आली असेल की माझ्याबरोबर. मी शिकते आहे तर तीही शिकत असेल. ती तर देवी, तिला माझ्यापेक्षा लवकर येत असेल. झालं, दुसऱ्या दिवशी पुन्हा चिंचोके, पुन्हा रिकामा हात, पुन्हा थोडे हैं. गुलमंडीवरच्या दुकानदारांना माझा हा गुण लवकरच कळला. इतर बायका नाही नाही म्हणत भाव पाडायच्या, मला विचारलं की मी हैं म्हणायची आणि सांगेल त्या भावाला घेऊन यायची.

इथवर हसण्यासारखं होतं.

थंडीचे दिवस होते. हे दौऱ्यावर, आणि खाला उरुसासाठी माहेरी खुलताबादला गेलेली. मुलीला आधी सर्दी झाली, मग ताप, आणि एका दुपारी तिनं दूध पिणं सोडलं. पाहते तर पोट भात्यासारखं हलत होतं आणि प्रत्येक श्वासाला नाकपुड्या फुलत होत्या. आमच्याकडे त्याला डबा म्हणतात. माहेरी शेजारचं एक मूल त्यानं गेलेलं मी पाहिलं होतं. मी तिला शालीत गुंडाळलं, पेटीतल्या कागदाखाली होते ते पैसे बटव्यात घातले आणि कोपऱ्यावर जाऊन टांगा केला. टांगेवाल्यानं एकदा माझ्याकडे, एकदा शालीकडे पाहिलं. “जनाना दवाखाना ना, बाई? बैठो,” एवढंच म्हणाला आणि घोडा पळवला.

दवाखान्यात पोचले तेव्हा झाडूवाली बाई व्हरांड्यातला कंदील लावत होती. हे मला इतकं स्पष्ट आठवतं, कारण माझं अर्धं लक्ष मुलीच्या श्वासाकडे होतं आणि अर्धं त्या काडीकडे. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, नर्सबाईशी भराभर काही बोलल्या. नर्सबाई माझ्याकडे वळली. बच्ची को दाखिल करना पड़ेगा, म्हणाली. आणि मग म्हणाली, “पैसे हैं?”

तो प्रश्न खोलीसाठी होता. पैसे असतील त्यांना वेगळी खोली, नसतील त्यांना मोठ्या हॉलमध्ये खाट, औषध दोघांना तेच, डॉक्टरीण तीच. हे मला कुणी सांगितलं नाही आणि विचारण्याइतकी भाषा माझ्याजवळ नव्हती. मला एवढंच कळलं की दिवा नुकताच लागला आहे, पोर माझ्या मांडीवर आहे, आणि कुणीतरी विचारतं आहे की आहेत का. अशा वेळी तिच्या डोक्यावर मी ‘नाही’ म्हणू? कुठलं ‘नाही’ कशाला लागेल, कुणी सांगावं?

“हैं,” मी म्हणाले.

तिनं ‘खास कमरा’ असं काही विचारलं. मी पुन्हा म्हणाले, हैं, हैं.

खोली फार चांगली होती. काचेची खिडकी, मच्छरदाणी, कोपऱ्यात पाण्याचं भांडं. मुलीला कापसाचं जाकीट शिवून घातलं, शेगडीवर किटली ठेवून तिच्या नळीतून वाफ द्यायला सुरुवात केली. रात्रभर तिचा श्वास आणि किटलीचा आवाज ऐकत मी बसले. सकाळी नर्सबाई आली, मुलीचा ताप पाहिला, आणि जाता जाता अगदी सहज म्हणाली की खोलीचे पैसे जुमेरातला शाम के वक़्त जमा करायचे. किती ते तिनं बोटांवर दाखवलं. माझ्या बटव्यात त्याच्या निम्मेही नव्हते.

तेव्हापासून मला दोन आजार झाले. एक मुलीचा, एक गुरुवारचा. मुलगी जरा डोळा उघडायची की जीव भांड्यात पडायचा, आणि लगेच वाटायचं, गुरुवारी हिला इथून उचलून बाहेर ठेवतील. बाहेर व्हरांड्यात काय गारठा असायचा ते मी पाहत होते. कापसाचं जाकीट काढून घेतील का? ते दवाखान्याचं होतं. मी ‘हैं’ म्हटलं ते यांच्या नावासमोर लिहिलं होतं. हे सरकारी नोकर. सरकारी दवाखान्यात सरकारी नोकराच्या बायकोनं खोटं सांगितलं, असं झालं तर यांच्या नोकरीचं काय? असा मी तिथपर्यंत विचार न्यायची की हे साखळ्या परत करून घरी बसले आहेत. मग मुलगी खोकायची आणि मी खोलीत परत यायची. यांना एक कार्ड टाकलं होतं, पण हे आज या गावी, उद्या त्या गावी. दुसरं कार्ड आईला टाकलं. त्यात लिहिलं, मुलगी आजारी आहे, ये. पैशाचं लिहिलं नाही. लिहिणार कसं?

खाला खुलताबादहून आली ती घराला कुलूप पाहून तशीच दवाखान्यात आली. मुलीच्या दंडाला दर्ग्यातला धागा बांधला, माझ्या हातावर शिरणी ठेवली, आणि खोलीकडे सगळीकडून पाहून घेतलं.

“ही खोली कोनी दिली तुला?”

मी सांगितलं. ती खाटेच्या कडेला टेकली. “अगं, जाऊन सांग की त्या नर्सला. नहीं हैं म्हन. ते लोक हाकलत नाहीत. उचलून मोठ्या हॉलात नेतील, बस. आमच्याकडं असते तर म्याच दिले असते, पर मालाचे पैसे सावकारानं अजून दिले नाहीत. बघ, नाहीत. कसं म्हनले मी? काय झालं का मला?”

“खाला, माझी पोर आजारी आहे.”

“म्हनून तर सांगते.”

“म्हणूनच म्हणवत नाही.”

तिनं पुन्हा तो लक्ष्मीला उर्दू न येण्याचा मुद्दा काढला. पण आता माझ्याकडे त्याचं उत्तर होतं, कारण दुसरं काही करायला नसलं की माणूस फार विचार करतं. ही वास्तू सरकारी. सरकारची भाषा उर्दू. म्हणजे ही वास्तू तथास्तु म्हणणार तेही उर्दूतच. इथं मराठीत ‘नाही’ म्हटलं तर एक वेळ चालून जाईल, उर्दूत म्हटलं तर मुळीच नाही. खालानं हात जोडले. “तू शिकली जास्त,” म्हणाली, आणि मुलीच्या कपाळावरून हात फिरवून निघून गेली. तेव्हा मला तिचा राग आला होता. हिचं मूल खाटेवर नाही, असं मनात आलं. खरं तर तिची दोन मुलं लहानपणीच गेली होती, आणि ते मला ठाऊक होतं.

बुधवारी दुपारी आई आली. मनमाडला गाडी बदलून, ओळखीच्या कुणाच्या सोबतीनं. स्टेशनवरून दवाखाना लांब, आणि ती काखेत बोचकं घेऊन चालत आलेली, पायांवर धूळ. टांगा का नाही केलास, म्हटलं तर म्हणाली, “बसून बसून अंग आखडलं होतं, चालायला बरं वाटलं.” जेवलीस का, तर म्हणाली, प्रवासात पोट भरल्यासारखंच असतं. मला ते पटलं. मला त्या वेळी एवढंच दिसत होतं की आई आली. वडील जाऊन फार दिवस झाले नव्हते, दुकान आता भाऊ बघायचा, पण आईजवळ तिचं असं काही असणारच असं मी धरून चालले होते. लहानपणापासून मी तिला कधी ‘नाहीत’ म्हणताना ऐकलं नव्हतं.

तिनं मुलीला मांडीवर घेतलं, तिचा श्वास ऐकला, मग खिडकीची काच, मच्छरदाणी हे सगळं पाहिलं.

“पैसे आहेत ना गं जवळ?”

“आहेत,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? आणि लगेच विचारलं, “तुझ्याजवळ?”

“आहेत की. भरपूर आहेत.”

मला इतकं हायसं वाटलं की मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा पोटभर जेवले. आईजवळ आहेत. आता फक्त तिच्याकडून मागायचे. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की मागायचं तर आधी माझ्याजवळ नाहीत असं म्हणावं लागेल, आणि तेही जिनं ते न म्हणायला शिकवलं तिच्यासमोर. मग मला बरणी आठवली. गुरुवारी सकाळी आई तोंड धुवायला बाहेर गेली तेव्हा मी माझा रिकामा बटवा काढला आणि खोलीच्या उंबऱ्यात, अगदी मधोमध ठेवला. चहाला आणि दुधाला असे त्यातले होते ते सगळे गेले होते. आई परत आली, तिच्या पावलाखाली येता येता बटवा राहिला. ती थांबली. तिनं तो बराच वेळ पाहिला. मग वाकून उचलला, झटकला, आणि माझ्या उशीखाली सरकवून दिला.

“उंबऱ्यात काय ठेवतेस? कुणी उचलून नेईल,” म्हणाली.

तिला कळलं होतं. तिला कळलं नाही असं होणंच शक्य नव्हतं, ती रीत तिचीच होती. मला असा राग आला की डोळ्यांतून पाणी आलं. वडील बरणी पाहून चपला न काढता बाजारात जायचे, आणि ही बटवा उचलून उशीखाली ठेवते. वहिनीनं शिकवून पाठवलं असेल, मुलीला काही देऊ नका म्हणून. नातीच्या श्वासापेक्षा हिला पैसा मोठा झाला. दुपारभर मी तिच्याशी बोलले नाही. ती मुलीला वाफ देत होती, पदरानं तिचं तोंड पुसत होती, आणि मी खिडकीतून उन्हं कशी कलतात ते पाहत होते.

उन्हं कलायला लागली तसा माझा निर्णय झाला, किंवा दुसरा काही मार्ग उरला नाही म्हणून झाला असं वाटलं. म्हणायचं. नर्स आत आली की लगेच म्हणायचं, तिनं विचारायच्या आधी, दिवा लागायच्या आधी जमलं तर बरं. मी भिंतीकडे तोंड करून सराव करायला लागले. मेरे पास पैसे. एवढं म्हणून मी थांबायची. मेरे पास पैसे. पुन्हा. शेवटी एकदा पूर्ण म्हणून झालं, अगदी हळू, आणि मी पटकन वळून मुलीकडे पाहिलं. तिचा श्वास चालू होता. मी पुन्हा म्हटलं आणि पुन्हा पाहिलं.

“काय पुटपुटतेस? स्तोत्र म्हणतेस का?” आईनं विचारलं.

“नाही. उर्दू आहे.”

“काय अर्थ त्याचा?”

मी तिच्याकडे न पाहता सांगितलं. “पैसे नाहीत, असा.”

मराठीत, तिच्यासमोर, दिवेलागणीच्या जवळ. मला वाटलं आता तिचा हात तोंडावर जाईल, मग माझ्या पाठीत. काहीच झालं नाही. तिनं मुलीला मांडीवर नीट घेतलं. बाहेर कुणीतरी कंदिलाच्या काचा पुसत होतं, त्याचा आवाज येत होता.

“पुन्हा म्हण,” आई म्हणाली.

“काय?”

“तेच. सावकाश म्हण. मला म्हणायचंय.”

मला वाटलं, नर्सशी मी बोलताना तिला कळावं म्हणून विचारते आहे. मी खालासारखी शिकवायला लागले. मेरे पास. म्हणजे माझ्याजवळ. ती म्हणाली, मेरे पास. पैसे तर तुला कळतातच. पैसे. नहीं हैं. तिथं ती थांबली. “हे आपलं ‘नाही’च की गं,” म्हणाली, “जरा वळवलेलं. वास्तूला कळायचं राहील का?” मी म्हणाले, त्या सगळ्याचा माझा विचार करून झालाय. ती किंचित हसली. मग डोळे मिटून, पाठ करताना मान हलवतात तशी हलवत ती म्हणत राहिली, मेरे पास पैसे नहीं हैं, मेरे पास पैसे नहीं हैं. एकदाही चुकली नाही. मला शिकायला महिने लागले होते.

दारात सावली पडली. नर्सबाई कंदील घेऊनच आली, म्हणजे दिवा लागायच्या आधी काही जमलं नाही. तिनं कंदील कोनाड्यात ठेवला, मुलीच्या काखेत तापाची नळी लावली, आणि माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. मेरे पास, म्हणाले. पुढं आवाज फुटेना. मुलगी माझ्या समोर, दिवा कोनाड्यात.

“मेरे पास पैसे नहीं हैं,” आई म्हणाली.

स्वच्छ, मोठ्यानं, नर्सबाईच्या डोळ्यांत पाहून. तिचा एक हात मुलीच्या डोक्यावर होता आणि तो तिनं काढला नाही.

नर्सबाईनं आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मला वाटलं, आता ओरडेल. ती म्हणाली, “तो पहले बोलना था, बाई,” आणि बाहेर जाऊन आयाला हाक मारली. एवढंच. इतके दिवस मी ज्याला भ्याले ते एवढंच होतं. आया आली, तिनं किटली आणि शेगडी उचलली, मी गादीवरची चादर आणि उशी घेतली, आईनं मुलीला घेतलं, आणि आम्ही व्हरांड्यातून मोठ्या हॉलमध्ये गेलो. कापसाचं जाकीट कुणी काढून घेतलं नाही. हॉलमध्ये बायका, त्यांची पोरं, त्यांचे आवाज, आणि खोलीपेक्षा ऊब जास्त. डॉक्टरीणबाई फेरीला आल्या, मुलीच्या छातीला नळी लावून म्हणाल्या की आवाज कमी आहे. खोलीच्या झालेल्या दिवसांचे पैसे यांनी दौऱ्यावरून आल्यावर दोन पगारांत भरले, आणि यांच्या नोकरीला कुणी हात लावला नाही. मुलगी बरी झाली. तिला आता नातवंडं आहेत, आणि तिच्या मते मी उगाच सगळ्याची काळजी करते.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. मुलगी झोपली, आयानं किटली ठेवली, आणि आम्ही दोघी खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसलो. माझा राग अजून पुरता गेला नव्हता, आणि शिवाय लाजही वाटत होती, की जे मला म्हणायचं होतं ते तिनं म्हटलं, आणि तेही सगळी रीत मोडून, नातीच्या डोक्यावर हात ठेवून.

“मी म्हणणारच होते गं,” मी म्हणाले. “माझं तू कशाला म्हणालीस?”

आई हात गुडघ्यांभोवती घेऊन बसली होती. तिचा बटवा कमरेला होता. मी लहानपणापासून पाहिलेला तोच, पण चापट.

“तुझं कुठं म्हणाले?” ती म्हणाली. “मी माझं सांगितलं.”

मग तिनं मुलीच्या अंगावरची शाल सारखी केली. स्टेशनवरून ती चालत का आली होती, आणि उंबऱ्यातला माझा बटवा तिनं उशीखाली का सारला होता, ते मला तेव्हा कळलं.